डेबियनचा सामाजिक करार

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली घडवणाऱ्या स्वयंसेवकांनी ५ जुलै १९९७ रोजी स्वीकारलेला जाहीरनामा. मुक्तस्रोत प्रकल्पाने आपली समान उद्दिष्टे लेखी बांधून घेतल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

इयन मरडॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. राबणारे हात वाढले, तसे आपण कशासाठी राबतो हे एकदा लिहून काढणे भाग पडले. ब्रूस पेरेन्स यांनी मसुदा सिद्ध केला आणि जून १९९७ मध्ये सदस्यांनी ईमेलवर महिनाभर त्याचा कीस काढला. करारात पाच कलमे आहेत: डेबियन पूर्णपणे मुक्त राहील, केलेले काम मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला परत दिले जाईल, दोष लपवले जाणार नाहीत, वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांच्या हिताला अग्रक्रम राहील, आणि मुक्त नसलेले सॉफ्टवेअर कार्यप्रणालीबाहेर, वेगळ्या विभागात ठेवता येईल. पाचवे कलम ही सरळसरळ तडजोड आहे; ती उघडपणे लिहिली हे बरे झाले. सॉफ्टवेअर मुक्त कधी म्हणायचे याचे निकषही सोबत जोडलेले आहेत. त्यांतले डेबियनचे उल्लेख वगळून १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ची व्याख्या तयार झाली.

‘करार’ म्हटले तरी हा शब्द देण्याचाच प्रकार. प्रकल्पाची घटना डिसेंबर १९९८ मध्ये संमत झाली. काम करण्याचे बंधन कोणावरही नाही, मात्र ठरलेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम कोणी वागू नये, असे ती सांगते. पगार, बढती, बदली यांतले काहीच हाती नसलेल्या प्रकल्पाला याहून कडक नियम झेपला नसता. २००९ च्या ‘लेनी’ आवृत्तीत इन्स्टॉलर मराठीत आला, तोही भाषांतर करणारे पुढे आले म्हणून.

रोजच्या कामाची शिस्त ‘डेबियन पॉलिसी’ या नियमपुस्तिकेत आहे. नियम अनिवार्य, अपेक्षित आणि ऐच्छिक अशा पायऱ्यांचे. उदाहरणार्थ, सेटिंग्जच्या फाइलीत वापरकर्त्याने हाताने केलेले बदल पॅकेजची नवी आवृत्ती बसवताना पुसले जाता कामा नयेत, हा अनिवार्य नियम. तो मोडला की ‘गंभीर’ बग नोंदवला जातो, आणि दुरुस्ती झाली नाही तर पॅकेज पुढच्या आवृत्तीतून वगळले जाऊ शकते. अपेक्षित नियम मोडला तरी बगच, पण त्यापायी आवृत्ती अडत नाही. बऱ्याच चुका ‘लिंटियन’ हा प्रोग्राम आधीच दाखवतो. नवी रीत सहसा आधी पॅकेजांत रुळते आणि मग पुस्तिकेत येते. पुस्तिका टिकून राहिली ती मुख्यतः यामुळे.

दोष न लपवण्याच्या कलमाची कसोटी २००८ मध्ये लागली. मेमरी तपासणाऱ्या साधनाची कटकट थांबावी म्हणून डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून २००६ साली कोडच्या एक-दोन ओळी काढल्या गेल्या होत्या. त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ प्रोसेसच्या क्रमांकापुरतीच उरली. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या जेमतेम बत्तीस हजार किल्ल्या शक्य होत्या. १३ मे २००८ रोजी प्रकल्पाने ही नामुष्की स्वतः जाहीर केली आणि किल्ल्या नव्याने बनवायला सांगितले.

कराराची भाषाही निरुपद्रवी नसते. एप्रिल २००४ मध्ये ‘संपादकीय’ म्हणून मांडलेली दुरुस्ती मंजूर झाली. ‘सॉफ्टवेअर’पुरते वाटणारे बंधन तिने कार्यप्रणालीच्या सर्व घटकांना, म्हणजे कागदपत्रे आणि फर्मवेअर यांनाही, लागू केले. शब्दशः पाळायचे तर येऊ घातलेली ‘सार्ज’ आवृत्ती रखडणार होती. शेवटी पुन्हा मतदान घेऊन अंमलबजावणी सार्जनंतर करायचे ठरले, आणि सार्ज जून २००५ मध्ये बाहेर पडली.

फर्मवेअरचा प्रश्न मात्र मिटला नाही. वाय-फायचे कार्ड उत्पादकाच्या बंदिस्त फर्मवेअरशिवाय चालेना, आणि अधिकृत इन्स्टॉलर ते देईना. मुक्ततेचा आग्रह आणि वापरकर्त्याची सोय ही एकाच करारातली दोन वचने एकमेकांना आडवी आली. २०२२ च्या मतदानात सोयीचे पारडे जड ठरले. करार बदलण्यासाठी तीनास एक इतके बहुमत लागते. ते मिळाले आणि पाचव्या कलमात अशा फर्मवेअरला वाट देणारे वाक्य आले. जून २०२३ च्या ‘बुकवर्म’पासून अधिकृत इन्स्टॉलर ते सोबत देतो, पण त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि नको असल्यास ते बंदही ठेवता येते.