जट, फणी आणि आय

आपल्या इतिहासकारांनी ताम्रपट वाचले, किल्ल्यांचे तट मोजले, राजांच्या वंशावळी लावल्या. बाईच्या डोक्यावरच्या केसांचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही. तो लिहिण्याजोगा आहे असे कोणास वाटलेही नसावे. परंतु ज्या समाजव्यवस्थेने माणसाची सावलीसुद्धा मोजून घेतली, तिने केस तेवढे मोकळे सोडले असतील हे संभवत नाही. माझ्याच डोक्यावर हा इतिहास एकदा गुंतला होता. म्हणून तो मी मांडते आहे.

लोणावळ्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत आमचे औंढे. भाताची खाचरे, चार महिने कोसळणारा पाऊस आणि गावाबाहेर आमचा वाडा. बाप लोणावळ्याला हमाली करी. आय दुसऱ्याच्या खाचरात लावणीला जाई. आयचे केस सरळ, रेशमासारखे मऊ. सकाळी दोन हात फिरवले की तिचा अंबाडा बसे. मी मात्र बापाच्या वळणावर गेले होते. दाट, राठ, आखूड वळणाचे कुरळे केस. आयची फणी माझ्या केसांत शिरायचीच नाही. ती ओढी, मी किंचाळे, फणीचे दात मोडत. शेवटी आय कंटाळून म्हणे, "बापाचं केस घेऊन आली, आन् जीव माझा खाती."

शाळेत बाईंनी एकदा सगळ्या वर्गासमोर विचारले, "तुझ्या आईला केस विंचरता येत नाहीत का?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर 'नाही' असेच होते. पण ते उत्तर आमच्या जातीच्या घाणेरडेपणाचा पुरावा म्हणून घेतले जाणार, हे सातव्या वर्षीही मला कळत होते.

त्याच वर्षी, १९५९च्या पावसाळ्यात, लावणी चालली असताना महिनाभर आयला माझ्या डोक्याकडे बघायला सवड झाली नाही. मानेच्या वर तीन-चार बटा एकमेकींत बसल्या, घट्ट झाल्या. आजीने त्या चाचपल्या आणि हात जोडले. "देवी आली पोरीच्या डोक्यात. फणी लावायची न्हाई आता."

जट म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. सरळ केसावरून डोक्याचे तेल शेंड्यापर्यंत उतरते. कुरळ्या केसाच्या वळणावळणावर ते अडते, म्हणून तो केस कोरडा राहतो आणि शेजारच्या केसात अडकतो. त्याला तेल, पाणी आणि फणी मिळाली नाही की गुंता होतो, गुंत्यात धूळ व मळ बसतो आणि त्याची दोरी वळते. सरळ केसही दुर्लक्षाने असाच बसतो, फक्त त्याला वेळ अधिक लागतो. यात देवी कोठेच नाही. आहे ते दारिद्र्य, कामाचा रगाडा आणि न मिळालेले चमचाभर तेल. या दारिद्र्याच्या खुणेला धर्माने देवीचा कौल म्हटले. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखात जट आलेली मुलगी म्हणजे देवीने मागितलेली मुलगी. तिच्या गळ्यात दर्शन पडले की ती जोगतीण. पुढे जोगवा, आणि पुष्कळदा गावातल्या धनदांडग्यांची भोगदासी. या मुली बहुतांशी महार-मांगांच्या घरच्याच असत. देवीला ब्राह्मणाच्या किंवा पाटलाच्या मुलीची जट का दिसली नाही, हा प्रश्न आमच्या आज्यांनी विचारला नाही. विचारण्याची सोयच नव्हती. पोतराजाचेही तेच. मरीआईच्या नावाने केस वाढवायचे आणि स्वतःच्याच अंगावर आसूड ओढायचा.

वरच्या जातींत याच्या उलट रीत होती. तेथे नवरा मेला की बाईचे केस काढीत. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कामगार पुढाऱ्याने १८९० साली मुंबईत न्हाव्यांना एकत्र केले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांच्याकडून वदवून घेतले. आमच्या डोक्याला तर गावचा न्हावी शिवतच नसे. एका बाईचे केस जबरदस्तीने काढायचे, दुसरीचे जबरदस्तीने राखायचे. दोघींच्याही केसांवर मालकी त्यांची स्वतःची नाही, हे सूत्र एकच.

हे सूत्र बाबासाहेबांनी ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यावर त्यांनी स्त्रियांना वेगळे उद्देशून भाषण केले. लुगडे कसे नेसावे, ओळख पटवणारे जड दागिने टाकावेत, स्वच्छ राहावे, असे सांगितले. वरवर या बारीकसारीक गोष्टी. पण अस्पृश्यता बाईच्या अंगावर खुणेसारखी चढवलेली असते, ती अंगावरूनच उतरवावी लागते, हा त्याचा अर्थ. १९३६च्या जूनमध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, पोतराज, देवदासी यांच्या सभेत त्यांनी हे लाजिरवाणे जिणे सोडा असे बजावले. आमच्या मावळाच्या वाटेवरच, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. माझा बाप त्या दिवशी तेथे चालत गेला होता. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातले देव गेले. पण आजीच्या मनातली देवी गेली नव्हती. माझ्या डोक्यात ती पुन्हा जागा शोधत होती.

आय रात्रभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने लोणावळ्याहून आत्याला बोलावले. आत्याचे केस माझ्यासारखेच. तिने माझे डोके मांडीवर घेतले आणि आयला म्हणाली, "वहिनी, ह्या केसाला कोरडी फणी लावायची न्हाई. आधी तेल, मग बोटं, मग फणी. आन् मुळाकडनं न्हाई, शेंड्याकडनं वर यायचं." तीन दुपारी आत्या बोटांनी गुंता सोडवीत होती. आय शेजारी बसून बघत होती, शिकत होती. एक बट सुटलीच नाही, ती आयने स्वतः विळ्याने कापली.

चौथ्या दिवशी धाकट्या भावाला ताप भरला. सगळा वाडा आयवर उलटला. आजी छाती पिटू लागली. आयचे ओठ पांढरे पडले होते, हे मला आजही दिसते. ती घाबरली नव्हती असे मी म्हणणार नाही. पण तिने देवीला नवस बोलला नाही. पोराला घोंगडीत गुंडाळून भर पावसात लोणावळ्याच्या डॉक्टरकडे नेले. हिवतापाचे औषध मिळाले, आठवड्याने पोर उठले. परत आल्यावर तिने आधी माझ्या डोक्याला तेल लावले.

आजीला दुष्ट ठरवणे सोपे आहे. तिची दोन पोरे तापानेच गेली होती आणि तेव्हा तिला डॉक्टर मिळाला नव्हता, फक्त देवी मिळाली होती.

पुढे दलित पँथरच्या काळात अमेरिकेतल्या काळ्यांचे साहित्य आम्ही वाचू लागलो. काळ्या आया मुलींचे कुरळे केस तापल्या लोखंडी कंगव्याने सरळ करीत, गोऱ्यांच्या जगात मुलीचा निभाव लागावा म्हणून. साठच्या दशकात त्यांच्या मुलींनी तेच केस मोकळे राखून अभिमानाने मिरवले. तरीही २०१९ साली कॅलिफोर्नियाला, नैसर्गिक केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करू नये, असा कायदा करावा लागला. मला आत्या आठवली. केस सरळ कर असे ती म्हणाली नव्हती. जसे आहेत तसे सांभाळायला तिने शिकवले.

आमच्याकडेही कायदे झाले. १९३४चा मुंबई इलाख्याचा, २००५चा महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३चा जादूटोणाविरोधी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शेकडो स्त्रियांच्या जटा सोडवल्या आहेत. याचा अर्थ, जटा अजून येत आहेत, आणि त्यांना देवी म्हणणारेही अजून आहेत.

माझ्या नातीचे केस माझ्यासारखे, माझ्या सुनेचे आयसारखे सरळ. सून परवा फणी घेऊन हैराण झाली होती. मी तिच्या हातातली फणी बाजूला ठेवली आणि तेलाची वाटी पुढे सरकवली. "आधी तेल, मग बोटं, मग फणी," मी म्हणाले. नात रडायची थांबली.