कृष्णाकांठची सांगली : हवा, करमणूक आणि महापूर

वस्ती कोठें करावी, याविषयीं आपल्या जुन्या नीतिकारांनीं कांहीं दंडक घालून दिले आहेत. ज्या गांवीं नदी नाहीं, वैद्य नाहीं, त्या गांवीं राहूं नये, असें ते बजावतात. हा दंडक योग्यच आहे. परंतु नदी म्हणजे निव्वळ सोय, असें त्यांत गृहीत धरलेलें दिसतें. जी नदी शहराला पाणी पाजते, तीच प्रसंगीं त्याला बुडवितेहि. म्हणून शहराची पारख करतांना तीन प्रश्न एकदमच विचारले पाहिजेत. तेथील हवा कशी आहे, तेथें फावला वेळ कसा जातो, आणि संकट आलें तर तें कोणत्या वाटेनें येतें? सांगली शहराचा सव्वादोनशें वर्षांचा इतिहास या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देतो.

चुलते गंगाधरराव यांच्याशीं वाटणीचा तंटा झाल्यावर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं मिरज सोडली आणि १८०१ च्या सुमारास सांगली येथें आपली राजधानी केली. त्या वेळीं सांगली हें कृष्णेच्या कांठचें एक लहानसें गांव होतें. तेथें गणेशदुर्ग उभा राहिला, पेठा वसल्या, नदीकांठीं गणपतीचें सुंदर दगडी मंदिर झालें. राजधानीचें मूळच असें पाण्याशेजारीं रोवलें गेलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

प्रथम हवेचा विचार करूं. सांगली सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत, समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० फूट उंचीवर आहे. पाऊस वर्षाकांठीं पंचवीस इंचांच्या आसपास. चैत्र-वैशाखांत दिवसाचें ऊन कडक असतें. पण हवा कोरडी असल्यामुळें घामाची चिकचिक नसते, आणि सायंकाळीं पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे अंगणांत बसणें सुखाचें होतें. शेजारच्या मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय काढलें, आणि पुढें दोन्ही शहरांच्या दरम्यान वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम निघालें. नीतिकारांचा वैद्यहि असा हाताशीं आला. या मातीचा आणखी एक गुण व्यापाऱ्यांनीं हेरला. हरिपुरास जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत. पेवाचें तोंड बंद केलें कीं ती वर्षानुवर्षें किडीवांचून टिके. सांगलीची हळदीची पेठ नांवारूपास आली, त्यांत या पेवांचा वांटा मोठा होता.

करमणुकीच्या बाबतींत तर सांगलीची योग्यता निराळीच आहे. कर्नाटकांतील भागवत मंडळींचा खेळ पाहून, तसेंच कांहीं मराठींत व्हावें अशी इच्छा चिंतामणरावांना झाली. त्यांच्या पदरच्या विष्णुदास भावे यांनीं ती आज्ञा शिरसावंद्य मानून १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. १८५१ मध्यें राजाश्रय सरला, तेव्हां भाव्यांना नाटकमंडळी घेऊन बाहेरगांवीं हिंडावें लागलें. परंतु बीज रुजलें होतें. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. ५ नोव्हेंबर हा दिवस आजहि रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. मिरजेंत तंबोरे व सतारी घडविणारीं घराणीं आहेत, खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें वास्तव्यहि तेथेंच होतें. तालमीची हौस असलेल्यांना जवळच कवठेपिरान आहे. हिंदकेसरी मारुती माने तेथलेच. सायंकाळीं घाटावर जावें, आमराईंत फिरावें, रात्रीं नाटक पाहावें, असें सुख लहान शहरांस क्वचित् लाभतें.

आतां तिसरा प्रश्न. येथें नवल असें कीं, सांगलीला बुडविणारा पाऊस सांगलींत पडत नाहीं. तो पडतो महाबळेश्वरास, कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यांत, जेथें दोनशें इंचांच्या गोष्टी नित्याच्या आहेत. तें सर्व पाणी कृष्णेंतून सांगलीशीं येतें. येथें पात्र संथ व वळणांचें आहे. शहराच्या खालींच हरिपुरास वारणा मिळते, आणि पुढें नरसोबाच्या वाडीस पंचगंगा मिळते. त्या दोघींना एकाच वेळीं पूर असला कीं कृष्णेची वाट अडते, आणि पाणी मागें, वस्तींत पसरतें. १९२९ मध्यें झालेल्या आयर्विन पुलावर हें पाणी मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ सालीं तें ५३ फुटांच्या वर गेलें, आणि हरिपूरचीं कित्येक पेवें हळदीसकट नष्ट झालीं. कोरडी माती हें ज्यांचें बळ, त्यांना पाण्यानेंच मारलें. अनेकांनीं त्या वर्षाची भिंतीवरची खूण ही अखेरची मर्यादा मानली. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें, आणि ती समजूत वाहून गेली. त्याच पुरांत ब्रह्मनाळ येथें नाव उलटून अनेक माणसें दगावलीं. जुलै २०२१ मध्यें पुन्हां महापूर आला.

कोयनेंतून पाणी केव्हां सोडावें, अलमट्टीचा फुगवटा कितपत कारणीभूत आहे, हे वाद चालूच आहेत. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. मगरमच्छ कॉलनी, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर हे सखल भाग दर पुरांत आधीं बुडतात, आणि विश्रामबागेसारखा उंचावरचा भाग बहुधा कोरडा राहतो. एकाच शहराचीं हीं दोन नशिबें आहेत. पाटबंधारे खात्यानें पंचवीस वर्षांच्या पुरासाठीं निळी आणि शंभर वर्षांच्या पुरासाठीं तांबडी रेषा ठरविण्याची रीत घातली आहे. परंतु स्वस्त जागेच्या ओढीनें गरीब माणूस निळ्या रेषेच्या आंत घर बांधतो, आणि नफ्याच्या ओढीनें श्रीमंत माणूस ओढ्यानाल्यांवर भराव घालतो. पहिल्याचा दोष थोडा, दुसऱ्याचा फार. पाणी मात्र दोघांतून वाट काढतांना पहिल्यालाच प्रथम गांठतें.

तेव्हां सांगली राहण्यास योग्य आहे काय? हवा व करमणूक पाहतां उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. संकटापुरतें पाहिलें, तर तें भूकंपासारखें अवचित येत नाहीं. घाटांत पाऊस कोसळूं लागला कीं आयर्विन पुलावरचे आंकडे बोलूं लागतात, आणि हलण्यास अवधि मिळतो. म्हणून येथें घर घेणाऱ्यानें भिंतीचा रंग पाहण्यापूर्वीं जोत्याची उंची पाहावी, आणि शेजाऱ्यांना २०१९ चें पाणी कोठवर आलें होतें तें विचारावें. नगराच्या कारभाऱ्यांनीं नदीला तिची जागा सोडावी. एवढें पथ्य पाळलें, तर चिंतामणरावांनीं निवडलेली जागा चुकीची होती, असें म्हणण्याची पाळी पुढच्या पिढीवर येणार नाहीं.