गॅरेज, घरालगतचे वाढीव

राहत्या घराच्या एखाद्या भिंतीला लागून, मूळ घर बांधून झाल्यावर उभारलेली मोटार ठेवण्याची बंदिस्त खोली. घरातून तिच्यात थेट जाता येईल असे एक दार असते. आवारात सुटे उभे असलेले गॅरेज आणि नुसते छप्पर असलेला उघडा कारपोर्ट हे प्रकार याहून वेगळे. महाराष्ट्रातील बंगल्यांत गाडी बहुधा पोर्चमध्ये किंवा सामासिक अंतराच्या मोकळ्या पट्टीत उभी राहते. बंदिस्त गॅरेज घरालाच जोडण्याची रीत मुख्यतः अमेरिका आणि कॅनडा या देशांतील आहे. तिथले कडक हिवाळे, लाकडी चौकटीची घरे आणि प्रत्येक कामासाठी लागणारी मोटार यांतून ती वाढली. पुढील विवेचन अमेरिकेतील एक वा दोन मजली घरांना धरून आहे.

मोटारीच्या आरंभीच्या काळात ती पागेत किंवा परसातील वेगळ्या खोपीत ठेवत, कारण पेट्रोलच्या आगीचे भय रास्त होते. शिकागोतील रॉबी हाउस या 1910 मध्ये पुऱ्या झालेल्या घरात वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी तीन गाड्यांचे गॅरेज इमारतीतच सामावून घेतले. हे अशा योजनेचे एक लवकरचे आणि ठळक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे झपाट्याने उभी राहिली, पण स्वस्त घरांत गॅरेज नसे. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउनची 1947 पासूनची पहिली घरे गॅरेजविना होती. 1950 च्या नमुन्यात कारपोर्ट आला. त्या पिढीची असंख्य घरे आजही वापरात आहेत आणि वाढीव गॅरेजाची गरज मुख्यतः तिथेच पडते.

जागा. नियोजनाची सुरुवात प्लॉटच्या मोजणीपासून होते. सुट्या गॅरेजला दुय्यम बांधकाम मानून अनेक गावे हद्दीपासूनच्या अंतरात सवलत देतात. तेच गॅरेज घराला जोडले की ते मुख्य इमारतीचा भाग ठरते आणि घराला लागू असलेले पूर्ण सामासिक अंतर त्यालाही पाळावे लागते. सुट्या गॅरेजला पुरणारी पट्टी म्हणूनच जोडलेल्याला पुरत नाही, आणि बरेच बेत इथेच मोडतात. नियमातून सूट मिळवण्यासाठी गावच्या अपील मंडळापुढे अर्ज करता येतो. तिथे शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकले जाते. याखेरीज प्लॉटचा किती भाग बांधकामाने आणि फरसबंदीने व्यापता येईल याची मर्यादा, वीज वा सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेल्या पट्ट्या, तसेच सेप्टिक टँक आणि त्यातील पाणी मुरण्याचे क्षेत्र यांची पाहणी आधी करावी लागते. मुरण्याच्या क्षेत्रावर बांधकाम करता येत नाही. खोदकामापूर्वी 811 या देशव्यापी क्रमांकावर कळवले, की जमिनीखालच्या सार्वजनिक वाहिन्यांच्या जागा रंगाने आखून दिल्या जातात. ही सोय 2007 पासून आहे.

रस्त्यावरून दिसणाऱ्या रूपावरही काही शहरांत बंधने आहेत. ऑरेगॉनमधील पोर्टलंडने 1999 मध्ये घरापुढे नाकासारख्या आलेल्या गॅरेजांवर निर्बंध घातले. घराचे मुख्य दार झाकून टाकणारे आणि रस्त्याला केवळ बंद शटर दाखवणारे घर शेजार तोडते, हा त्यामागचा विचार योग्यच म्हणावा लागेल. गॅरेजची पुढची भिंत घराच्या दर्शनी भिंतीपासून काही फूट मागे घेतली तरी बरेच साधते.

आकार. एका गाडीसाठी सुमारे 12 × 22 फूट ही कामचलाऊ जागा होय. 14 × 24 फूट असेल तर गाडीची दारे पुरती उघडून भोवती फिरता येते. दोन गाड्या 20 × 20 फुटांत मावतात, पण सुखाने राहण्यासाठी 24 × 24 फूट लागतात. चार दारांचा मोठा पिकअप ट्रक 19 फुटांहून लांब असतो. तेव्हा गाडी मोजूनच खोली आखणे शहाणपणाचे, कारण बर्फ काढण्याचे यंत्र, सायकली आणि गवत कापण्याचे यंत्रही शेवटी तिथेच येतात. दाराची रुंदी एका गाडीला बहुधा 9 फूट आणि दोन गाड्यांना 16 फूट ठेवतात. उंची 7 किंवा 8 फूट असते.

जी भिंत झाकली जाते ती. गॅरेज ज्या भिंतीला टेकणार, ती आतापर्यंत बाहेरची भिंत असते आणि घराचे बरेच व्यवहार तिच्यातून चालतात. गॅस व विजेचे मीटर, वातानुकूलनाचे बाहेरचे यंत्र, कपडे वाळवण्याच्या यंत्राची वाफ सोडणारी नळी, भट्टीचा धूर बाहेर टाकणारा पाइप हे सारे त्याच भिंतीवर असू शकते. यातले काहीही गॅरेजात उघडे राहू देता येत नाही. प्रत्येक गोष्ट हलवावी लागते, आणि अंदाजपत्रकात हाच खर्च बहुधा सुटून जातो. खिडक्यांचा प्रश्न याहून बिकट. अमेरिकेतील जवळजवळ सर्व राज्ये ज्या नमुना संहितेच्या आधारे निवासी बांधकामाचे नियम करतात, तिच्यानुसार झोपण्याच्या खोलीला आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी वा दार हवे, आणि खिडकीचे खुले तोंड साधारणपणे किमान 5.7 चौरस फुटांचे असावे लागते. अशी एकमेव खिडकी गॅरेजाने झाकली तर ती खोली कायद्याने शयनगृह राहत नाही. नकाशावर गॅरेज उत्तम बसत असले तरी या एका कारणाने त्याची बाजू बदलावी लागू शकते.

पाया आणि छप्पर. थंड प्रदेशात मातीतले पाणी गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलला जातो. त्यामुळे जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या खाली पायाचा तळ न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागात ही खोली 42 इंच आणि उत्तर भागात 60 इंच ठरवली आहे. जुन्या घराचा पाया वर्षानुवर्षांच्या भाराने बसलेला असतो, नवा मात्र अजून बसायचा असतो. दोन्ही एकत्र कसे वागतील हे ठरवूनच सांधा आखावा लागतो: एकतर जुन्या काँक्रिटमध्ये सळया घट्ट बसवून दोन्ही पाये बांधायचे, किंवा मध्ये फट राखून दोघांना वेगळे हलू द्यायचे. जुन्या पायाच्या तळाखाली लगतच खोदणे धोक्याचे, कारण त्याचा आधारच निघून जातो.

फरशी काँक्रिटची, सहसा 4 इंच जाड असते. गाडीबरोबर येणारे बर्फाचे पाणी आणि सांडलेले तेल मोटारीच्या दाराकडे किंवा मोरीकडे वाहील असा उतार तिला द्यावा लागतो. घराच्या जमिनीपेक्षा ती खाली ठेवतात, म्हणजे द्रव किंवा जड वाफ उंबऱ्यावरून आत शिरत नाही.

नव्या छपराचे आढे जुन्याच्या खाली ठेवले आणि उतार जुळवला तर जोड डोळ्यांना खटकत नाही. जिथे नवे पाखे जुन्या भिंतीला किंवा पाख्याला मिळते, तिथे पत्र्याच्या पट्ट्या कौलांच्या थरांत पायरीने गुंफून पाणी बाहेर काढावे लागते. नुसत्या डांबरावर किंवा सिलिकॉनवर विसंबलेला सांधा गळतोच. उंच छपरावरचा बर्फ वाऱ्याने किंवा घसरून खालच्या छपरावर साचतो, त्याचा वाढीव भार कैच्यांच्या हिशोबात धरावा लागतो.

मोटारीच्या रुंद दारामुळे पुढची भिंत जवळजवळ नाहीशी होते आणि दोन्ही बाजूंना अरुंद तुकडे उरतात. आडव्या जोराला तोंड द्यायला तेवढेच असते. 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागातील तळमजल्यावर गॅरेजे असलेल्या अनेक इमारती याच दुबळेपणामुळे कलल्या वा कोसळल्या. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात खाली गाड्यांची जागा असलेली एक निवासी इमारत पडून 16 माणसे दगावली. त्या इमारती मोठ्या होत्या, तरी धडा एका मजल्याच्या गॅरेजलाही लागू पडतो, वर खोली काढण्याचा विचार असेल तर विशेषच. वादळी किनाऱ्यावर धोका दुसऱ्या बाजूने येतो. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लॉरिडात गॅरेजची दारे आत ढकलली गेली, वारा घरात कोंडला आणि आतून दाब बसून छपरे उडाली. तिथे आता वाऱ्याचा ठरावीक दाब सोसणारी दारे बसवणे सक्तीचे आहे.

आग आणि वायू. सामाईक भिंत हे या बांधकामाचे सर्वांत महत्त्वाचे अंग होय. तिच्या एका बाजूला पेट्रोल, रंग, बॅटऱ्या आणि तापलेले इंजिन असते. दुसऱ्या बाजूला कुटुंब राहते. नमुना संहितेप्रमाणे या भिंतीला गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड लागतो, आणि वर राहती खोली असेल तर छताला पाच अष्टमांश इंचाचा अग्निरोधक प्रकार लागतो. गॅरेजमधून शयनगृहात उघडणारे दार चालत नाही. इतर खोलीत उघडणारे दार किमान 1⅜ इंच जाडीचे भरीव किंवा 20 मिनिटे आग अडवणारे असावे लागते. ते आपोआप बंद व्हावे ही अटही संहितेच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आहे, मात्र काही ठिकाणी ती गाळली जाते. ती गाळू नये. हवेच्या नळाचे तोंड गॅरेजात उघडता येत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, म्हणून ठिणगी पडू शकेल अशी उपकरणे फरशीपासून 18 इंच वर बसवतात.

आगीपेक्षाही कपटी धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. हिवाळ्यात घरातील उबदार हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला खालच्या भागातून हवा ओढली जाते. त्यातली काही सामाईक भिंतीच्या फटींतून, गॅरेजमधली, येते. गाडी काही मिनिटे चालू ठेवली तरी वायू आत शिरतो, आणि शटर उघडे ठेवणे हा त्यावर पुरेसा उपाय नाही. इंधनाच्या वाफेतील बेंझिनही याच वाटेने येते. म्हणून वायर आणि नळ जातात ती भोके, भिंतीच्या तळाची फट आणि दाराची चौकट हवाबंद करणे हे बोर्ड लावण्याइतकेच आवश्यक आहे. जोडलेले गॅरेज असलेल्या घरात झोपण्याच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारा अलार्म नमुना संहितेने आवश्यक ठरवला आहे.

दार, वीज आणि ये-जा. विजेवर चालणाऱ्या दाराखाली मुले चिरडल्याच्या घटनांनंतर अमेरिकी कायद्याने 1993 पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, वाटेत काही आल्यास दार उलट फिरवणारी सुरक्षा सक्तीची केली. जमिनीजवळच्या दोन प्रकाशडोळ्यांची जोडी तेव्हापासून सर्वत्र दिसते. विजेवरील मोटार वेगाने चार्ज करायची तर 240 व्होल्टची स्वतंत्र जोडणी लागते. जुन्या घरांतील 100 अँपिअरचे पॅनेल तिला अपुरे पडू शकते. आज गाडी पेट्रोलची असली तरी भिंत उघडी असतानाच नळी टाकून ठेवणे स्वस्त पडते.

घरात जाण्याचे दार स्वयंपाकघराच्या जवळ पडावे, मात्र मध्ये एक लहान खोली असावी. अमेरिकेतील मराठी कुटुंबांतही रोजची ये-जा याच दाराने होते, आणि चपला, बूट, ओले कोट यांना उंबऱ्याआधी जागा लागते. ही मधली खोली चिखल थांबवते, शिवाय गॅरेजची हवा आणि घर यांच्यामध्ये आणखी एक दार उभे करते.

परवाना. नकाशे मंजूर झाल्यावर तपासणी टप्प्याटप्प्याने होते: काँक्रिट ओतण्यापूर्वी पायाची, बोर्ड लावण्यापूर्वी चौकट व विजेची, आणि शेवटी पूर्ण कामाची. बोर्डाखाली काय आहे ते नंतर दिसत नसल्याने मधली तपासणी चुकवल्यास काम उकलावे लागू शकते. काम पुरे झाल्यावर घराचे करमूल्य नव्याने ठरते आणि मालमत्ता कर बहुधा वाढतो. विनापरवाना बांधलेले गॅरेज घर विकताना उघडकीस येते, तेव्हा ते नियमित करून घेणे किंवा पाडणे एवढेच पर्याय राहतात.