पाटीवर नसलेला खारदांडा

खार म्हणजे खाऱ्या पाण्याने भिजलेली जमीन आणि दांडा म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची पट्टी. केळवे-दांडा, दांडा-राजपुरी अशी नावे कोकण किनाऱ्यावर आणखीही आहेत. १९२४ साली खार रोड स्थानक झाले आणि पुढे खार हे नाव बंगल्यांच्या वस्तीचे समजले जाऊ लागले. दांड्याचे कोळी मात्र आपल्या होड्या, जाळी व बोंबील वाळत घालण्याचे बांबू घेऊन होते तेथेच राहिले.

या मुलखाचा लिहिलेला इतिहास राज्यकर्त्यांचा आहे. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी हा मुलूख सोडविला. १७७४ अखेर इंग्रजांनी साष्टी घेतली. वांद्र्याच्या किल्ल्यावर १६४० सालचा पोर्तुगीज लेख आहे. माहीमचा कॉजवे १८४५ साली खुला झाला. लेडी जमशेटजी, म्हणजे आवाबाई, यांनी त्यासाठी रु. १,५७,००० दिले व त्यांचे नाव रस्त्याला राहिले. ते योग्यच झाले. पण त्याआधी माहीम-वांद्रे ही ये-जा होडीने होत असे. त्या होड्या वल्हविणाऱ्यांपैकी कोणाचे नाव कोणत्या रस्त्याला आहे? मुंबादेवी मूळची कोळ्यांची. शहराने देवीचे नाव घेतले, भक्तांना विसरले.

हा केवळ मानाचा प्रश्न नव्हे. दप्तरी नोंद नाही ती वस्तूच नाही, असा व्यवहार आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली, पण कोणत्या कोळीवाड्यांसाठी? १९८१ च्या विकास आराखड्यात अथवा राज्य शासनाच्या संबंधित दप्तरात ज्यांची नोंद आहे त्यांच्यासाठी. होड्या ओढण्याची वाट आणि मासळी वाळविण्याची जागा यांचे कागद कोणाच्या आजोबांनी करून ठेवले होते? समुद्राचा तर सातबारा निघतच नाही. पाटी म्हणजे मालकीहक्क नव्हे, हे खरे. पण मोजणीस आलेल्या माणसाला ती दिसते.

लंडनमध्ये थोरांच्या घरांवर पाट्या लावण्याची चाल १८६७ पासून आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तेथे ज्या घरी राहिले, त्यावरही १९६१ साली पाटी लागली.

देवळाचा जीर्णोद्धार झाला की देणगीदारांची नावे रकमेसह संगमरवरावर येतात. त्याच भिंतीवर एक पाटी गावाची असावी. मजकूर जुन्या मंडळींना विचारूनच ठरवावा : होड्या कोठे लागत, मासळी कोठे वाळे, कोणत्या जागेला कोणते नाव होते. डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांचा उल्लेख राहून जाऊ नये. पुष्कळदा तोच राहतो. दगड गाभाऱ्याजवळ न बसविता रस्त्याच्या बाजूस, उभ्या माणसाच्या नजरेइतक्या उंचीवर बसवावा. अक्षरे नुसती रंगवू नयेत, खोल कोरावीत. खाऱ्या हवेत रंग टिकत नाही.