व्हॉडव्हिल : नऊ खेळांच्या क्रमाची कुळकथा

व्हॉडव्हिल म्हणजे गाणे, नाच, कसरत, जादू, नकला आणि छोटी नाटिका असे सुटे खेळ एकाच तिकिटात दाखवणारा कार्यक्रम. १८८० ते १९३० या काळात अमेरिकेत तो अतिशय लोकप्रिय होता. शब्द फ्रेंच आहे. नॉर्मंडीतील व्हीर नदीच्या खोऱ्यातील पंधराव्या शतकातल्या थट्टेच्या गाण्यांवरून तो आला, असे बहुधा मानले जाते.

खेळांचे मूळ मात्र दारूच्या गुत्त्यांत आहे. न्यूयॉर्कच्या ‘कॉन्सर्ट सलून’मध्ये गिऱ्हाइके पीत बसत आणि समोर गाणी-नकला चालत. घरंदाज बायका तिथे पाऊल टाकत नसत. टोनी पास्टर या गायकाने हे हेरले आणि २४ ऑक्टोबर १८८१ रोजी चौदाव्या रस्त्यावरील नाट्यगृहात दारू व अचकटविचकट बोलणे वर्ज्य करून खेळ सुरू केला. बायकांनी यावे म्हणून तो कोळसा आणि कापडाची बक्षिसे वाटत असे. पुढे बी. एफ. कीथने १८८५ मध्ये बॉस्टनला दिवसभर अखंड चालणारा कार्यक्रम रूढ केला आणि एडवर्ड ऑल्बीच्या साथीने नाट्यगृहांची साखळी उभारली. सोमवारचा पहिला प्रयोग पाहून तिथला व्यवस्थापक आक्षेपार्ह वाक्ये छाटून टाकी.

मोठ्या नाट्यगृहांत नऊ खेळांचा क्रम पक्का झाला, तो प्रेक्षकांची ये-जा आणि पडद्यामागची कामे यांच्या सोयीने. लोक आत येत, खुर्च्या शोधत असताना बोलणे ऐकू जात नाही, म्हणून पहिला खेळ मुका : कसरतपटूंचा किंवा शिकवलेल्या जनावरांचा. दुसरा गाण्याचा किंवा नाचाचा, पुढच्या पडद्यासमोर. तिसऱ्या जागी बहुधा नाटिका. मध्यंतरापूर्वी एखादे मोठे नाव. सर्वांत मोठा कलावंत आठव्या जागी. नववा खेळ भव्य पण पुन्हा मुका, कारण तोवर लोक उठू लागलेले असत.

दोघा विनोदवीरांची बतावणी या मांडणीत हमखास असे. पुढच्या पडद्यासमोर काही फुटांची पट्टी मोकळी असे. तिथल्या खेळाला ‘इन वन’ म्हणत. एक जण सरळ प्रश्न विचारी, दुसरा भलतेच उत्तर देई आणि तेवढ्यात पडद्यामागे पुढच्या खेळाचे सामान लागे. त्यांना नेपथ्य लागत नसे. लागे ती फक्त अचूक वेळ. दहा-पंधरा मिनिटांचा तोच खेळ गावोगाव वर्षानुवर्षे करताना हशा कुठे येतो आणि पुढचे वाक्य किती थांबून टाकायचे, हे अंगवळणी पडे.

२४ मार्च १९१३ रोजी उघडलेले न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर या कलावंतांची पंढरी ठरले. बोलपट आणि रेडिओने प्रेक्षक ओढून नेले, त्यात मंदीची भर पडली. नोव्हेंबर १९३२ मध्ये पॅलेसमध्ये केवळ चित्रपट सुरू झाले. बतावणी मात्र टिकली. तिला पडद्यापुढची पट्टीही लागत नव्हती. जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन या जोडप्याने त्याच वर्षी ती रेडिओवर नेली आणि १९५० मध्ये दूरचित्रवाणीवर.