२००५ ची खूण

१/ ऑगस्ट २०१९ पूर्वी सांगलीच्या कृष्णाकाठी पुराचे एक अलिखित माप होते : २००५ चा महापूर. तेव्हा पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे घरोघरी ठाऊक होते. त्याच आठवणीच्या भरवशावर २०१९ मध्ये अनेक कुटुंबे घरातच थांबली. हा धागा त्या चुकलेल्या मापाविषयी.

२/ लिखित माप नदीवरच होते. १९२९ साली उभारलेल्या आणि व्हाइसरॉय आयर्विन यांचे नाव दिलेल्या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. येथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी.

३/ हे आकडे पुलाजवळील मोजपट्टीचे आहेत, दारातील पाण्याचे नव्हेत. इशारा पातळीला कागदपत्रे, औषधे, जनावरे हलवण्याची तयारी करायची; धोका पातळीनंतर सखल वस्त्यांत पाणी पसरू लागते. म्हणून आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरते, हे प्रत्येकाने जाणून घ्यावे लागते.

४/ २००५ मध्ये ही पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती. २०१९ मध्ये तिने ५७ फूट ओलांडले. सपाट नदीकाठी एवढ्या फरकानेही, पूर्वी कोरड्या राहिलेल्या वस्त्या पाण्याखाली जातात.

५/ असे का घडते? सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरपाशी वारणा आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. दोन्ही नद्या फुगल्या की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. वरून कोयनेचा विसर्ग येतो तो वेगळाच. शहरात पाऊस उघडला तरी पाणी चढत राहते, ते यामुळे.

६/ उशिराची किंमत ब्रह्मनाळने मोजली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी वेढलेल्या ग्रामस्थांना बाहेर काढणारी, क्षमतेहून अधिक माणसे बसलेली नाव उलटली. त्यात अनेकांनी प्राण गमावले. गाव सोडण्याचा निर्णय होईपर्यंत रस्ता पाण्याखाली गेलेला असेल, तर उरते ती नाव.

७/ भारतात शास्त्रीय पूर-पूर्वानुमानाचा आरंभ १९५८ साली दिल्लीत, यमुनेसाठी झाला. आज हवामान विभागाचे रंगही घरोघरी पोहोचतात : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. पण हे रंग पावसाचे आहेत. नदीसाठी पाहायचे ते फूट आणि धरणाचा विसर्ग.

८/ २०१९ चा महापूर हीच आता अखेरची सीमा, असे मानण्याचीही सोय राहिली नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. तेथे २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर. विक्रम दोनच वर्षांत मोडला.

९/ भिंतीवरची खूण पाणी कुठवर आले होते एवढेच सांगते. ते कुठे थांबेल हे सांगत नाही. रस्ता कोरडा असताना आणि उजेड असताना घर सोडावे. निघताना विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि वाहत्या पाण्यात, ते गुडघाभर असले तरी, पाय घालू नये. इतिहासाचे हेच काम : जुनी खूण जपावी, पण तिच्या भरवशावर घरात थांबू नये.