धुरातली आई

मागच्या महिन्यातला एक रविवार. दारव्ह्याहून आत्याचा व्हिडिओ कॉल यायचा होता. आई सकाळपासून तयार होऊन बसली होती, वेणीबिणी घालून. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खाटेवरूनच बोलते, म्हणून मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि स्वतः पुढे बसलो. मागे खाट, खाटेवर आई.

कॉल लागला. आत्या म्हणाली, "वहिनी कुठी हाय? मले तं तुह्या मागं नुसता धूर दिसून राह्यला!"

शुक्रवारी ऑफिसच्या मीटिंगसाठी मी पार्श्वभूमी धूसर केली होती, खोलीतला पसारा दिसू नये म्हणून. पण ते तर वेगळं अ‍ॅप! या अ‍ॅपमध्ये असलं काही चालूच नव्हतं. सेटिंग्ज पालथ्या घातल्या, कॉल तोडून परत लावला. शेवटी ते बटण सापडलं, अ‍ॅपच्या बाहेर, पडद्याच्या कोपऱ्यात. तोवर वीस मिनिटं गेली होती आणि आईला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. आत्या म्हणाली, "झोपू दे तिले."

चूक माझीच. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की कॅमेऱ्याच्या करामतीचं बटण आजवर कुणाकुणाच्या हातात होतं?

आई आणि आत्याचा एक जुना फोटो आहे, यवतमाळच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि हंस. (यवतमाळात हंस!) आत्याच्या गालावर देवीचे व्रण आहेत, पण फोटोत एकही नाही. तेव्हा फोटोग्राफर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून असले डाग बुजवत. आत्याला कुणी विचारलं नव्हतं. फोटो घरी आला तेव्हा तिला कळलं.

चित्रपटातही तेच. दादासाहेब फाळके आधी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करत होते. १९१२ साली त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं टिपून, आठवड्यांचं काम काही क्षणांत दाखवलं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये कॅमेरा त्र्यंबक तेलंगांकडे होता. हँडल थांबवायचं, नटाला चौकटीबाहेर काढायचं, पुन्हा फिरवायचं... झाला देव अंतर्धान! किंवा फिल्म मागे घेऊन तिच्यावरच दुसरं चित्र घ्यायचं. बटण म्हणाल तर ते कॅमेरा चालवणाऱ्याच्या मनगटात. समोर उभा असलेला नट ते बंद करू शकत नव्हता.

संगणक आला तसं हे बटण साध्या माणसाकडे आलं. २००५ मध्ये अ‍ॅपलच्या 'फोटो बूथ'मध्ये आपलाच चेहरा वेडावाकडा करून लोक खिदळत होते, २००७ मध्ये त्यांच्या आयचॅटवर बोलता बोलता मागे खोटा देखावा लावता येऊ लागला. पण प्रत्येक प्रोग्रामचं आपापलं बटण. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्सने मागचं धूसर करायची सोय दिली. २०२० मध्ये सगळं जग घरून बोलू लागलं, तेव्हा ज्याला त्याला हे हवंच झालं. प्रत्येक अ‍ॅप माणूस कुठला नि भिंत कुठली हे आपापल्या परीने ओळखायचं आणि त्या आकडेमोडीत लॅपटॉप तव्यासारखा तापायचा.

मग हे काम खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमने अंगावर घेतलं. २०२१ मध्ये आयओएस १५ आणि मॅकओएस मॉन्टेरेमध्ये, २०२२ मध्ये विंडोज ११ मध्ये (तिथे त्यासाठी खास चिप लागते). कॅमेरा आणि अ‍ॅप यांच्या मध्येच चित्रावर संस्कार होतात आणि अ‍ॅपच्या हाती तयार चित्र पडतं, म्हणून तिथे शोधूनही मला काही सापडत नव्हतं. विंडोजवर तर आपण नोटपॅडकडे बघत असलो तरी नजर समोरच्याकडे असल्यासारखी दाखवता येते! २०२३ मध्ये अ‍ॅपलने आणखी एक गंमत आणली. कॅमेऱ्यासमोर दोन्ही अंगठे वर केले की मागे फटाके फुटतात. ती आधीपासून चालूच असायची, नको असेल तर आपण बंद करायची. कुणी एखाद्या गंभीर बोलण्यात दोन्ही अंगठे दाखवले तर? तरीही फटाकेच.

सगळ्यांसाठी एकच बटण असणं मला पटतं. दहा ठिकाणी दहा बटणं शोधण्यापेक्षा बरं, आणि कुठलंही अ‍ॅप आपल्या मनाने काही लावत असेल तर निदान एका जागी तरी आपलं चालतं. पण चालू आहे हे ठळक दिसायला हवं, नुसत्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्याने माझ्यासारख्याला काय कळणार? आणि पलीकडच्या माणसाला तर तेही दिसत नाही. आत्याने विचारलं नसतं तर मी तासभर धुरासमोर बसून बोललो असतो.

पुढच्या रविवारी मी आधी ते बटण बंद केलं. मागे ओल आलेली भिंत, दोरीवर वाळत टाकलेलं आईचं लुगडं, औषधांचा डबा, सगळं उघडं. आत्या बराच वेळ काही बोललीच नाही, बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, लई वाळल्या वो तुम्ही."

आई म्हणाली, "तुमचे व्रण दिसतात हो अजून, वन्सं."

आणि दोघी हसत सुटल्या.